नंबर लागला, दत्ता

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
जुलैचा पहिला रविवार

प्रिय दत्ता,

नंबर लागला. वायोमिंगच्या प्राँगहॉर्नचा, म्हणजे तिकडच्या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीच्या परवान्याचा. सोडतीचा निकाल जूनच्या मध्यावर येतो, तसा आला. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग फ्रीझरमधलं खोबरं आणि मटार कुठं ठेवू?" ऑफिसात सांगितलं तर पाठ थोपटली. मला जे सांगायचं होतं ते दोन्हीकडे सांगताच आलं नाही, म्हणून तुला लिहितोय. फोनवर तू "थांब, गाय आलीय" म्हणून मध्येच ठेवतोस. पत्र तसं ठेवता येत नाही. दिवाळीपासून मी गप्प होतो त्याचा हिशेबही यातच धर. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे. गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात, असा गुरांचा डॉक्टर मला अहिंसा शिकवतो हे मी पूर्वीही ऐकून घेतलंय. मेसमधल्या त्या मटणाच्या रविवारी तू ताट उचलून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला होतास आणि आठवडाभर बोलला नव्हतास. तेव्हा माझं म्हणणं होतं की जो खातो त्यानं एकदा तरी स्वतः मारून बघावं. तू म्हणालास, "बघ मग." तर आता बघतोय. वीस-पंचवीस वर्षं उशिरा, पण बघतोय.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. इथं बंदूक घेतली आणि निघालो असं नसतं. सरकार कळपांची मोजदाद करतं, भागाभागाचे परवाने ठरवतं, आणि आमच्यासारख्या परराज्यातल्यांना सोडतीत उभं राहावं लागतं. नंबर नाही लागला तर विकत घेतलेला एक पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी रांगेत थोडं पुढं सरकता येतं. परवाना सव्वातीनशे डॉलरच्या वर. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी बाराशे डॉलरचा 'स्पेशल' आहे. त्यात गर्दी कमी, प्राणी तेच. दर्शनाच्या रांगेवरून तू जे बोलतोस ते इथं जसंच्या तसं लागू कर. वर शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. माझ्या वर्गात सगळी शाळकरी पोरं, नि मागच्या बाकावर टक्कल पडलेला मी. पहिला नंबर एका मुलीचा आला, बारा वर्षांची असेल. मला म्हणाली, "सर, तुमचं बोट सारखं चापावर जातं."

अजून एक गंमत. मी एच-वन-बीवर होतो तेव्हा कायद्यानं बंदूक जवळ बाळगायला बंदी होती, पण शिकारीचा परवाना असेल तर सूट! म्हणजे घराच्या रक्षणाला नाही, हरणाला चालेल. आता ग्रीन कार्ड आहे, तो प्रश्न नाही. सिक्स-फाइव्ह क्रीडमूर रायफल घेतली आहे. नाव ऐकून हसू नकोस, इथं निम्म्या लोकांकडे तीच असते.

गाईड घेणार नाही. घेतला तर हजारो डॉलर जातात आणि तो म्हणेल "तो बघ, मार" की आपण मारायचं. मग माझं काय राहिलं त्यात? शेजारचा म्हातारा बरोबर येणार होता. जन्म तिकडं गेलेला, सगळं त्यानंच शिकवलं. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि आता मी एकटाच. बायकोची अट एकच, उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र कमरेला पाहिजे, कारण तिकडं मोबाईलला रेंज नसते.

जागा म्हणजे मेडिसिन बोच्या उत्तरेचा माळ, शर्ली बेसिनकडचा. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर, झाड नाही, गुडघाभर सेजब्रशची झुडपं, मध्येच निवडुंग, आणि वारा. तुला सोलापूरजवळचं नान्नज, माळढोकांचं अभयारण्य, आठवेल. मलाही पहिल्यांदा तेच आठवलं. गाडी थांबवून उगाच माळढोक शोधत बसलो होतो, लेका.

जमिनीचं प्रकरण मात्र तुझ्या आवडीचं आहे. १८६०च्या दशकात सरकारनं युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही अंगांना एक सोडून एक चौरस मैलाचे तुकडे दिले. त्यामुळे रुळांच्या आसपासचा पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा, एक घर सरकारचं, एक खासगी. सरकारी घरात मला मुभा, पण शेजारच्या सरकारी घरात जायचं तर फक्त कोपऱ्याला कोपरा लागतो. कोपरा ओलांडताना हवेतून का होईना, खासगी हद्दीवरून पाय जातो. २०२१ मध्ये मिझुरीचे चार शिकारी एल्क माउंटनपाशी कोपऱ्यावर शिडी लावून पलीकडं उतरले. जमिनीला पाय लावला नाही, तरी मालकानं लाखो डॉलरचा दावा ठोकला. मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं मालकाचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. तुझा नि चुलत्याचा बांधाचा दावा बार्शीच्या कोर्टात अजून चालूच आहे ना? त्यांना हे सांगू नकोस, शिडी घेऊन येतील.

आणि प्राणी! दत्ता, तू बघायला हवा होतास. सगळे अँटिलोप म्हणतात, पण हा आपल्या काळविटाचा सख्खा कुणी नाही. जिवंत नातेवाईक म्हणशील तर जिराफ आणि ओकापी. शिंगांवरचं आवरण दरवर्षी गळतं नि नवं येतं. काळवीट कसं उगाच हवेत उडतं, हे तसं उडत नाहीत. तारेचं कुंपण आलं तर खालून सरपटतात. पण पळायला लागले की ताशी पंचावन्न मैलांपर्यंत. आज या खंडात त्यांना त्या वेगानं गाठणारं कुणीच नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, इथं पूर्वी चित्त्यासारखी एक मांजर होती, हिमयुगाच्या शेवटी संपली, आणि हे अजून तिच्या भीतीनं पळतात. मला एकदम आपलं आठवलं. आपल्याकडचा चित्ता गेला, १९५२ मध्ये सरकारनं तसं जाहीरही केलं, आणि नान्नजची काळवीटं अजून त्याच्यापुढं पळतातच. कोल्हापूरकर छत्रपती पाळलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार करायचे, ते तुझे आजोबा सांगायचे.

काळवीट म्हणशील तर टेक्सासात पैसे भरून काळवीटही मारता येतं. गेल्या शतकात नेऊन सोडलेली, आता कुरणांत हजारोंनी झालीत. ऑफिसातला एक जण म्हणाला, "तुमच्याकडचाच प्राणी आहे, तिकडं जा ना." मी नाही म्हणालो. त्याला कारण विचारायचं होतं, मी विषय बदलला.

कारण तुला माहीत आहे. ओढ्यातलं ते काळवीट. कुत्र्यांनी मागून धरलेलं.

मूळ मुद्दा तोच आहे, आणि मी दोन पानं तो टाळतोय. मारायची भीती वाटत नाही मला. अर्धवट मारायची वाटते.

आता डॉक्टर म्हणून ऐक. प्राँगहॉर्नचा नर पन्नास किलोच्या आसपास. आडवा उभा असेल तर पुढच्या पायामागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, काळीज-फुफ्फुसं, जागा वीतभर. त्याच्या मागं छाती-पोटामधला पडदा आणि पडद्यामागं लगेच पोट. रवंथ करणारं जनावर, ते पोट केवढं असतं हे तुला मी काय सांगू. उघड्या माळावर दोनशे-तीनशे यार्डांच्या आत ते येऊ देत नाहीत. तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला पाच-सहा इंच सरकवतो, आणि तिकडं दहा मैलांचा वारा म्हणजे शांत दिवस. सहा इंच मागं म्हणजे पोट. पोटात गोळी घेऊन ते ताबडतोब पडत नाही. मैलोन्मैल जातं. कोपऱ्यापलीकडच्या खासगी घरात जाऊन बसलं तर मला मागं जायलाही परवानगी मागावी लागेल. आणि रात्री कोयोटी, इथले कोल्ह्यासारखे प्राणी, आहेतच.

पॉनीच्या गवताळ माळावर जाऊन सराव करतो. कागदावर चांगलं लागतं. कागद चालत नाही, कागदाला डोळे नसतात. म्हाताऱ्यानं एक युक्ती सांगितली आहे, झुडपाआड पडून पांढरं फडकं हलवायचं. कुतूहलानं जवळ येतात म्हणे. त्यांच्या ढुंगणावरचे पांढरे केस फुलतात तो त्यांचा इशारा, म्हणून. मला ते फसवणुकीचं वाटलं. मग वाटलं, सत्तर यार्डांवर फसवून नीट मारलेलं बरं की तीनशे यार्डांवर प्रामाणिकपणे पोट फोडलेलं? तूच सांग.

तू म्हणशील, मग जातोस कशाला? इथले लोक म्हणतात, शिकाऱ्यांच्या पैशावर हा प्राणी वाचला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तेरा हजारांच्या आसपास उरले होते, आज लाखोंनी आहेत. १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, हेही खरं. पण हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. पैसे तर नुसतेही देता येतील. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगात बर्फानं आणि न्यूमोनियाच्या साथीनं ते कळपच्या कळप मेले, तेव्हा परवाने कमी झाले, आणि आम्ही काय केलं? पॉइंट जमवले. मी जातोय कारण मी मटण खातो आणि मला माहीत नाही ते कुठून येतं. एवढंच आहे. यापेक्षा मोठं कारण सापडलं तर कळवीन.

पुढचं मला जमेल असं वाटतं. पडल्याजागी परवान्याचं कूपन सही-तारीख घालून बांधायचं, कातडं लवकर काढायचं, कारण हंगामाच्या सुरुवातीला दुपार तापते आणि मांस बिघडतं. फरे सुटे करून पिशव्यांत, पिशव्या बर्फात. लोक म्हणतात या मांसाला सेजब्रशचा उग्र वास येतो. म्हातारा म्हणतो, पिकअपच्या टपावर उन्हात मिरवलेल्यालाच येतो.

तर मी ठरवलंय, दोनशे यार्डांपुढं नाही, पळत्यावर नाही, वारा चढला तर नाही. परवाना तसाच घेऊन परत आलो तर आलो. पण दत्ता, हे मी इथं खुर्चीत बसून ठरवतोय. शेवटच्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडायला अर्धा तास, अंतर मोजायच्या रेंजफाइंडरवर दोनशे साठ, आणि तो आडवा उभा. तेव्हा माझं मन काय म्हणेल ते मला माहीत आहे. म्हणेल, "साठच तर आहेत." बायकोला मी फसवू शकतो, म्हाताऱ्याला फसवू शकतो. तुला फसवायचं म्हटलं की तू नुसता बघतोस.

म्हणून आकडा तू ठरव. यार्डांत जमत नसेल तर पावलांत. तू सांगशील तो मी बंदुकीच्या दस्त्यावर टेपनं चिकटवणार. दीडशे म्हणालास तर दीडशे. शून्य म्हणालास तर भांडण होईल, पण तेही लिहून पाठव.

बाकी, पमाताईचं मोतीबिंदूचं झालं का? वहिनींना नमस्कार. पोराच्या नीटचं काय झालं ते आईकडून अर्धंमुर्धं कळलं. मार्क कमी असतील तरी त्याला गुरांच्या डॉक्टरकीला ढकलू नकोस, घरात एक पुरे. लम्पीची लस झाली का सगळ्या गोठ्यांत?

आणि बोकडाचं एक सांग. पुढचा पाय पुढं टाकलेला असताना काळीज कोपराच्या रेषेत येतं की थोडं मागं? पुस्तकातल्या आकृतीत एक आहे, म्हातारा दुसरंच सांगतो. तू रोज हात लावतोस. माळकरी म्हणून नको, डॉक्टर म्हणून सांग, आणि सप्टेंबरच्या आत सांग.

तुझा,
सुऱ्या

ता. क. दुर्बीण तुझ्याकडेच आहे हे मी विसरलेलो नाही. इथं नवी घेतली, तरी ती माझीच आहे.