मागच्या दारच्या बांधकामाबद्दल

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि विषय दिवाळीवर जातो, म्हणून लिहितेय. दादाशी बोलणं झालंय, गवंड्याला आगाऊ पैसेही दिलेत. नवरात्र संपलं की तो येईल आणि पडवीच्या टोकाला, जिथे नारळाची सोडणं आणि झावळ्या भरून ठेवल्यात, तिथे घराला लागून संडास-न्हाणी बांधेल. आत कमोड. ठरलंय ते.

बाबांनी आता चष्मा काढून ठेवला असेल. तर आधी हे ऐका: जुनी न्हाणी पाडत नाही. चुलीवरचा हंडा तसाच राहील, धुराचा वास आल्याशिवाय तुमची आंघोळ होत नाही हे मला ठाऊक आहे. एकाही माडाला हात लागणार नाही. भिंती चिऱ्याच्याच, वर कौलंच. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, उतारावर, जेवढा लांब नेता येईल तेवढा. लादी खरखरीत घेतलीय. इन्व्हर्टरही बसवतोय, म्हणजे वादळात खांब पडले तरी रात्री एक दिवा आणि आईचा पंखा चालेल. खर्च आम्ही दोघांनी वाटून घेतलाय, तुमच्या पेन्शनला धक्का नाही.

गणपतीत आले तेव्हा मध्यरात्री जाग आली. बाबा एका हाताने गडगा चाचपत, दुसऱ्या हातात बॅटरी, शेवाळलेल्या पाखाडीवरून खाली उतरत होते. मागे आई, छत्री बाबांच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत. सकाळी दोघांनीही काही घडलंच नसल्यासारखा चहा घेतलात.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. सोयीची चटक लागली की माणूस मिंधा होतो. त्या शिकवणीचा मला मुंबईत उपयोगच झाला, हप्त्यावर वस्तू घ्यायचा मोह मला फारसा होत नाही. पण तुमचीच माणसं तुमच्या विरुद्ध साक्षीला उभी राहतात, त्याचं काय? १९७१ साली ज्यांची पत्रकं तुम्ही सायकलवरून वाड्यावाड्यांत वाटलीत, ते मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला. आपल्या राजापूर तालुक्यात तेव्हा रूळही नव्हते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं. तरी ती फोमची गोष्ट तुम्ही पाहुण्यारावळ्यांना किती कौतुकाने सांगता! गरिबाची पाठ दुखू नये हे राजकारण, असंच ना तुम्ही सांगायचात? मग तुमच्या पाठीने काय पाप केलंय?

आणि अप्पा पटवर्धन. तुरुंगात भंगीकाम करू देत नाहीत म्हणून त्यांनी १९३२ मध्ये उपास केला, आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं, ही गोष्ट मी तुमच्याच मांडीवर ऐकली. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याच्या खतावर आणि स्वस्तातल्या संडासांवर किती डोकं लढवलं! आपल्याकडे वेदान्तावर बोलणारे रग्गड होऊन गेले. संडास हा विचार करण्याजोगा विषय आहे असं मानणारे थोडेच. त्यांचा फोटो ओटीवर लावणाऱ्याने घरातल्या संडासाला चैन म्हणावं हे मला पटत नाही.

एक बोलू? रागावू नका. साधी राहणी तुम्ही निवडलीत, आईच्या ती लग्नात पदरात पडली. नळ लांबणीवर पडत गेला तेव्हा विहिरीवरची कळशी तिच्याच कमरेवर होती. तुम्ही तिला कमी लेखलंत असं मी मुळीच म्हणत नाही. वाडीत दुसऱ्या कुठल्या पुरुषाने बायकोबरोबर बसून कुळीथ पाखडले असतील? पण या बाबतीत तिला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. मी या वेळी विचारलं. आधी म्हणाली, "ह्यांना नको असेल तर राहू दे." मग शेगलाची पानं निवडता निवडता हळूच, "हाताला धरायला दांडी असेल ना गो?"

आई, मी लहान असताना त्या फणसाखालच्या संडासात जायला घाबरायचे. तू कंदील घेऊन बाहेर धोंड्यावर बसायचीस. मी आतून दर मिनिटाला "आहेस ना?" म्हणायचे आणि तू पेंगत पेंगत "आहे गो, आहे" म्हणायचीस. दिवसभर लावणीत वाकून आलेली असायचीस, पण एकदाही करवादली नाहीस. आता मी चारशे किलोमीटरवर बसलेय, मला धोंड्यावर येऊन बसता येत नाही. ही दांडी त्याऐवजी आहे असं समज.

आता नीट ऐका. काम चालू असेपर्यंत सिमेंटच्या गोण्या बाबांनी उचलायच्या नाहीत. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. गवंड्याला काम उक्तं दिलंय, तेव्हा बाबा, त्याला समाजवाद सांगत बसू नका, तो ऐकत बसेल आणि भिंत तशीच राहील. चहा दोनदा, जेवण तो घरून आणतो. टाकी वर चढवताना शिडी धरायला शेजारच्या काकांचा मुलगा येणार आहे. तुम्ही खाली खुर्चीवर बसून हवं तेवढं ओरडा.

दिवाळीला आम्ही सगळे येतोच आहोत. चकलीची भाजणी दळू नका, इथून आणते.

तुमची धाकटी

ता. क. दांडी उजव्या हाताला हवी की डाव्या, ते दोघांनीही खुर्चीवरून उठून-बसून पाहा आणि रविवारच्या आत मला कळवा. दोघांचं वेगवेगळं आलं तर दोन्हीकडे लावू.