‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच

महोदय,
आमच्या डिचोली-साखळी भागात मुले नोकरीसाठी बाहेर आणि म्हातारी माणसे घरात एकटी, अशी घरे बरीच आहेत. मोबाईलवर नातवंडांचे चेहरे दिसतात, सप्ताहाचे भजन घरबसल्या ऐकता येते. त्यांनी तो जरूर वापरावा. पण त्याच व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला भामटा येतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत. फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका.’ सगळा डाव या शेवटच्या वाक्यावर चालतो. एकटा पडलेला माणूस घाबरून ठेवी मोडतो.

फोनवरच डांबून ठेवण्याच्या या धमकीला भामटे ‘डिजिटल अटक’ म्हणतात; असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. फोन सरळ कापावा, शेजाऱ्याला हाक मारावी. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे कठीण. फसलेल्याला घरचेच बोल लावतात, हे फार खटकते. त्या धास्तीनेच माणसे गप्प बसतात. पंचायतींनी आणि देवस्थान समित्यांनी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत फलकावर लावावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली