दौऱ्याचा सेट लावून देणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे मला पेढ्यांच्या वेळीच कळलं. "प्रयोग संपल्यावर लाइटवाल्याला कुणी पडद्यापुढे बोलावत नाही, तेच बरं असतं," असं म्हणून बॉक्स काकूंच्या हातात देऊन तुम्ही सरळ आत निघून गेलात. आता तुम्ही सांगलीला लेकीकडे आणि आम्ही कात्रजला. मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटर. म्हणून चारचौघांत लिहायचं धाडस करतेय. रागावलात तरी इथून दिसणार नाही.

नारायण पेठेतली, तुमच्या घराच्या वरची, ती तिसऱ्या मजल्यावरची खोली आठवते ना? एक खोली, एक स्वयंपाकघर, वर तापलेली गच्ची. डिपॉझिट भरून हातात साडेचार हजार उरले होते आणि अकरा महिन्यांच्या करारात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दिवसभर मी लॅबमध्ये ट्यूबलाइटखाली स्लाइडी बघायची आणि घरी आले की डोक्यावर पुन्हा तसलीच पांढरीफटक ट्यूब. खोली इतकी मोकळी की चमचा पडला तरी घुमायचा. आई गावाहून नुकतीच आलेली. ती खोलीत टिकायचीच नाही, संध्याकाळ झाली की जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायची. मला वाटायचं, तिला पुणं आवडत नाहीये.

घर जरा छान करावं म्हणून मी पहिली खरेदी केली ती रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीची. साडेचारशे रुपये गेले. टाकीचा व्हॉल्व्ह बघायला तुम्ही गच्चीवर चालला होतात, दार उघडं होतं, आत जांभळा उजेड. तुम्ही दारातच थांबलात. "अगं, कुठल्या मंडळाची सजावट ही?" आई पायरीवरून इतकी हसली! पुण्यात आल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग तुम्ही आत येऊन सगळ्या भिंतींकडे बघितलंत आणि एकच विचारलंत, "आई बसते कुठे?" मी म्हटलं, बसतच नाही. "बसेल कशी? सगळा उजेड डोक्यावरून पडतोय. असा उजेड आम्ही चौकशीच्या प्रवेशाला द्यायचो."

त्या दिवशी तुम्ही आठवडाभर काहीही विकत घ्यायची बंदी घातलीत. ट्यूब बंद, फक्त स्वयंपाकघरातला दिवा, आणि कोण कुठे टेकतं ते बघायचं. चौथ्या दिवशी आई खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून, लसूण सोलत बसली. मी खाली येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "झालं. नटाची जागा ठरली, आता दिवा लावता येईल."

बुरूड आळीत तुमच्याबरोबर टोपली घ्यायला आले तो रविवार मी विसरणार नाही. तुम्ही प्रत्येक टोपली उन्हाकडे धरून आतून बघत होतात आणि बुरूड मावशी वैतागून म्हणत होत्या, "काका, भाकरी ठेवायचीय का चाळायचीय?" विरळ विणीची निवडलीत. घरी आल्यावर तिच्या बुडाला भोक पाडून होल्डर बसवला, तारेला गाठ मारली, म्हणजे ओढ होल्डरच्या स्क्रूंवर न येता गाठीवर यावी. बल्ब पाच वॉटचा एलईडी. जुना चाळीसचा पिवळा बल्ब जवळपास एवढाच उजेड देतो, पण तो तापतो आणि टोपली करपते, हे तुम्ही मला दोनदा बजावलंत. पाकिटावर २७०० के (केल्विन), म्हणजे पिवळसर उजेडाचा आकडा, लिहिलेलं शोधायला तुम्हीच शिकवलंत. ट्यूबवर ६५०० असतं. आकडा चढला की उजेड निळसर होत जातो, हे मला विज्ञान शिकूनही कधी घराशी जोडता आलं नव्हतं. दिवा टांगला तो खिडकीच्या गजाला, नाडीने, आईच्या खांद्याच्या जरा वर. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात, दोनदा उठून नाडी आखडलीत. "बसल्यावर बल्ब दिसता कामा नये. उजेड दिसला पाहिजे." टोपली, होल्डर, वायर, पिन, बल्ब सगळं मिळून चारशेच्या आत. जांभळ्या पट्टीपेक्षा स्वस्त!

भिंतीवर विणीच्या सावल्या पडल्या. आईने लसूण बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत चहा प्यायला.

पडद्यांचंही तुमचंच. मी दुकानात रेडीमेड बघत होते, तुम्ही मांजरपाट घ्यायला लावलात, तोही खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट. चुण्या पडल्या तरच कापड आवाज पितं, म्हणालात. पांढरं कापड दिव्यापुढे डोळ्याला मारतं म्हणून रंगभूमीवरची धोतरं तुम्ही चहाच्या पाण्यातून काढायचात, तसंच आम्हीही केलं. पहिला पडदा मात्र मी घाईत चोळामोळा करून बादलीत कोंबला, त्यावर डाग डाग उमटले. तो स्वयंपाकघरात गेला. अजूनही तिथेच आहे आणि मला तोच जास्त आवडतो.

काकूंचे आभार वेगळ्या पत्रात मानायला हवेत, पण गोधडीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आईच्या ट्रंकेत आजीची दोन नऊवारी होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, एका लुगड्यात किती घड्या बसतात! खालीवर चांगले पदर, मध्ये माझे जुने ओढणी-पंजाबी, आधी कच्चे टाके, मग कडेने आत येत जाणारा धावदोरा. दोन महिने दुपारी काकू आणि आई समोरासमोर बसून शिवत होत्या. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा, अजून हात लावला की कळतं कुठे कोण बसलं होतं. गोधडी घुमणाऱ्या भिंतीवर दोन जुन्या खुंट्यांना लावली आणि खोलीतला आवाज बसला. थंडीत मात्र ती भिंतीवरून काढून आम्ही पांघरायचो, तेव्हा चमचे पुन्हा घुमायचे.

गच्चीवर चुना मारायचा बेत तेवढा सोसायटीच्या वादात राहिला. एप्रिलमध्ये खोली तापायची ती तापलीच. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी, याहून काही जमलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी तुम्ही वर आलात. काही बोलला नाहीत. आईने विचारलंही नाही, ट्यूब बंद केली, टोपलीचा दिवा लावला आणि तुमच्यापुढे खिचडी ठेवली. कितीतरी वेळाने तुम्ही एवढंच म्हणालात की तिथल्या विंगेत तुम्ही बऱ्याचदा झोपला होतात. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आमच्याकडे कुणी येऊन बसावं असं घर आहे.

मग इमारत पाडायचं ठरलं. रडारड झाली, घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद झाला, तो विषय नको. पण सामान बांधायला घेतलं तेव्हा तुमचं एक जुनं बोलणं कळलं. मी एकदा भिंतीतलं कपाट करून घ्यायचं म्हणत होते. तुम्ही म्हणाला होतात, "भाड्याचं घर म्हणजे दौऱ्याचं नाटक. जे टेम्पोत चढत नाही ते आपलं नाही." तेव्हा मला ते जरा लागलं होतं. पण दिवा नाडी सोडून निघाला, पडदे घडी घालून गोधडीत गेले, गोधडी ट्रंकेत. मागे काही राहिलं नाही, खिळ्याचं एक भोकसुद्धा नाही.

कात्रजला आलो त्या दिवशी गॅस जोडलेला नव्हता, वडापाव खाल्ले. मी खोकी उघडत होते. आई नव्या खोलीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसून बघत होती. तिसऱ्या जागी थांबली आणि म्हणाली, "इथे लाव."

तुमचा लाल मुठीचा टेस्टर माझ्याच खोक्यात आला आहे. त्या रविवारपासून माझ्याकडेच होता, तुम्ही दोनदा मागितलात आणि मी दोनदा नाही म्हटलं. सांगलीला कुणी जाणारं भेटलं की पाठवते. तोवर वापरतेय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची