सफरीतला रोजा

दाभोळ
८ फेब्रुवारी २०२६

बेटा,

अस्सलामु अलैकुम.

शुक्रवारी रात्री फोन मध्येच तुटला. तू ठेवलास की रेंज गेली ते कळलं नाही, आणि मीही परत लावला नाही. शेवटचं वाक्य माझं होतं. "जा, मर तिकडे उपाशी!" आई असं बोलते का कधी? मी बोलले. मध्यरात्री तहज्जुदच्या नमाजाला उठून तौबा केली, पण ती अल्लाहपुढे झाली. तुझी माफी मागायची राहिली, म्हणून हे पत्र. मी वहीत लिहितेय, आपा टाइप करून पाठवील. जहाज बंदराला लागेल तेव्हा तुला मिळेल.

फोनवर आपण ज्यावरून भांडलो तो रोज्याचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. घरचंच सांगते. मागच्या दाराच्या आंब्याला यंदा मोहोर दाट आलाय, थंडी अशीच राहिली तर धरेल. शब-ए-बारातला कब्रस्तानात दादांच्या, तुझ्या आजोबांच्या, कबरीपाशी जांभा ढासळला होता, मामूने रचून दिला. अब्बा मंगळवारी आणि शुक्रवारी फेरीबोटीने धोपाव्याला उतरून चिपळूणला डायलिसिसला जातात. परतताना बोटीच्या कठड्यापाशी उभे राहून खाडीचं तोंड बघत बसतात. बोलत काही नाहीत. मला माहीत आहे कोणाला बघतात ते.

आणि तू पाणी पितोस ना? वॉचला, इंजिनरूमच्या पाळीला, उतरताना बाटली बरोबर नेतोस ना?

बघ, निघालाच विषय.

चांद दिसला तर १९ तारखेला पहिला रोजा. तू म्हणालास, सगळे ठेवणार, इंजिनरूममध्येसुद्धा, एकही सोडणार नाही. त्याच इंजिनरूमबद्दल पहिल्या आठवड्यात तूच सांगितलं होतंस, की खाली पंचेचाळीस अंश असतात आणि घामाने बुटात पाणी साचतं. मी ते विसरलेली नाही. तुला वाटतं मी दीनपासून, धर्मापासून, तुला मागे ओढतेय. ज्या पोराला मीच मांडीवर घेऊन सूरह फातेहा शिकवली त्याला मी मागे ओढीन का?

तुझा पहिला रोजा आठवतो? २०१६ची गोष्ट, जून महिना, नुकताच पाऊस लागलेला. नऊ वर्षांचा होतास. साडेचौदा तासांचा रोजा. दादी म्हणाली, पोर लहान आहे, अर्धा दिवस पुरे. तू ऐकलं नाहीस. दुपार कलल्यावर असरच्या नमाजाच्या वेळी मशिदीतून येताना धो धो पाऊस आला, तर तू ओठ घट्ट मिटून, नाकाने श्वास घेत सगळी पाखाडी चढून आलास, थेंबसुद्धा तोंडात जाऊ नये म्हणून. दारात उभा राहिलास तेव्हा ओठ पांढरेफटक पडले होते. सूर्य बुडाल्यावर मगरिबच्या अजानला खजूर तोंडात घातलास आणि आधी मला विचारलंस, "झाला ना पुरा?" फुफीने गळ्यात हार घातला, वाडीभर सांदणं वाटली. त्या दिवसाचा अभिमान मला अजून आहे. पण खरं सांगू? त्या मिटलेल्या ओठांची मला तेव्हापासूनच धास्ती आहे. हा पोरगा एकदा ओठ मिटले की उघडत नाही.

पुढच्याच वर्षी अब्बांचं झालं. तू दहा वर्षांचा होतास, तुला एवढंच कळलं की अब्बा विमानाने लवकर घरी आले. जून होता, अब्बांचं जहाज आखातात होतं. अब्बांनी बावीस रोजे पुरे केले होते, इंजिनरूममध्ये, कोणाला न सांगता. तेविसाव्याला पंपापाशी कोसळले. आधी दोन दिवस लघवी काळपट होत होती, तेही कोणाला बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, उष्म्याने आणि पाणी तुटल्याने मूत्रपिंडं दुखावली आहेत, पूर्ण बरी होणार नाहीत. आता काय आहे ते तू बघतोसच. ज्या माणसाने अल्लाहसाठी पाणी सोडलं, त्याला आता दिवसाचं पाणी पेल्याने मोजून द्यावं लागतं. उन्हाळ्यात मी त्यांच्यासमोर पाणी पीत नाही. मागच्या पडवीत जाऊन पिते.

तू म्हणालास, "अब्बांच्या आजाराने तू घाबरली आहेस." हो, घाबरले आहे. त्यात लाज कसली?

पण नुसत्या भीतीने बोलत नाही मी. मौलानांना विचारून आले. कुराणात जिथे रमजानचा हुकूम आहे, सूरह बकराच्या १८५व्या आयतीत, तिथेच लिहिलंय की कोणी आजारी असेल किंवा सफरीत असेल तर त्याने तेवढे दिवस पुढे मोजून भरावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवं आहे, अवघड नको. हुकूम आणि सवलत एकाच आयतीत आहेत. अर्धी आयत पाळायची आणि अर्धी आपल्याला नको म्हणायचं, हे कुठलं?

आणि हुजूर पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा किस्सा. एका सफरीत त्यांनी लोकांची गर्दी पाहिली, एका माणसाला सावलीत धरलं होतं. विचारलं, काय झालं? लोक म्हणाले, रोजेदार आहे. त्यावर फर्मावलं, सफरीत असा रोजा ठेवणं ही नेकी नव्हे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे ही हदीस. मौलानांनी सांगितली तेव्हा मला सावलीतला तो माणूस दिसला नाही, तुझे अब्बा दिसले, पंपापाशी.

मक्का फतेहच्या सफरीतही तसंच, हिजरी ८चा रमजान. लोकांना रोजा जड जात होता. असरनंतर हुजूरांनी पाण्याचा प्याला मागवला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि प्याले. मुद्दाम दाखवून, कारण त्यांनी न पिता लोक कधीच प्याले नसते.

हे ऐकून मला आपल्या दादांचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आठवला. दादा नंतर हाजींच्या जहाजावर होते मुंबई-जेद्दा, ते तुला माहीत आहे. मक्केच्या वाटेवरच्या यलमलमच्या समोर आलं की सगळे हाजी एहराम, हजची पांढरी वस्त्रं, बांधायचे आणि लब्बैकने डेक दुमदुमायचा, ते दादा सांगायचे. समुद्राने हजला जाणं १९९५ला बंद झालं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. पण त्याआधी, अगदी पोरवयात, ते कोळशाच्या जहाजावर आगवाले, भट्टीत कोळसा टाकणारे, होते. तांबड्या समुद्रात रमजान लागला. भट्टीपुढे पोरं फावडं टाकून खाली बसायची. तेव्हा त्यांचा सारंग, बाणकोटकडचा, पाच वक्तांचा नमाजी, दुपारी मिठाचं पाणी घेऊन खाली उतरायचा. पहिला घोट तो सगळ्यांसमोर स्वतः घ्यायचा. मग म्हणायचा, आता प्या रे. दादा म्हणायचे, पहिल्या दिवशी मी पाणी पीत होतो आणि रडत होतो. ते सगळे रोजे त्यांनी घरी येऊन पावसाळ्यात भरले, एकेक करून. त्या माणसाचा ईमान कमी होता असं तुझ्या तोंडून निघेल का?

आणखी एक. आई असून लिहितेय, पण तू आता लहान नाहीस. आम्हा बायकांना दर रमजानात काही दिवस रोजा ठेवायचाच नसतो. अल्लाहनेच मनाई केली आहे. आम्ही भरलेल्या घरात चोरून दोन घास खातो, आणि वर्षभरात ते रोजे भरतो. कोणी आम्हाला विचारत नाही की तुमचा दीन कुठे गेला. मग माझ्या पोरालाच एवढी लाज का?

तू म्हणालास, इस्लामचे पाच खांब, पाच अरकान, त्यांपैकी एक गेला तर उरतं काय. बेटा, मी मदरशात शिकलेली नाही, पण घरात बघून मला जे कळलं ते सांगते. नमाज माफ नाही, पण दादीने शेवटची दोन वर्षं ती खाटेवर पडून, पापण्यांच्या इशाऱ्याने पढली, आणि झाली. नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, पाणी नसेल तर कोरड्या मातीचा तयम्मुम आहे. जकात सगळ्यांवर नाही, निसाबएवढा, ठरलेल्या किमान मर्यादेएवढा, माल वर्षभर हातात राहिला तर चाळिसावा हिस्सा. हज ज्याला जमेल त्यालाच. तुला सफरीत नमाजाच्या चार रकातींच्या दोन करायला मिळतात, जोहर-असर एकत्र, मगरिब-इशा एकत्र. ते तू आनंदाने घेतोस. मग रोज्याचीच सवलत तुला हलकी का वाटते?

फार झालं. शिकवणी करायची नव्हती. तू नमाज सोडत नाहीस, तुझ्या खोलीतल्या पोरालाही पहाटे फजरला उठवतोस, हे आपाने सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी बसून रडले, खुशीने. तुझा हट्ट चांगल्यासाठीच आहे हे मला कळतं. तेच मला अवघड जातं. वाईट गोष्टीचा हट्ट असता तर दोन थपडा मारल्या असत्या.

अब्बांचा निरोप लिहिते, ते सांगताहेत. नमाज सुरू करताना किबला, मक्केची दिशा, नीट बघून घे, जहाज वळलं तर जमेल तसा तूही वळ. तुझा चीफ कूक आपल्यासारखा शाफई नाही, हनफी पंथाचा आहे, त्याची असर आपल्यानंतर होते आणि फजरला तो कुनूतची दुआ पढत नाही, त्यावरून वाद घालू नको. पहिल्या पगारातलं घरी पाठवशील ते जकात म्हणून धरू नको, आईबापाला जकात लागत नाही. रोज्याबद्दल काय लिहू, असं मी विचारलं. ते उठून पडवीत गेले. थोड्या वेळाने आतल्या आत म्हणाले, "त्याला सांग, मी कोणाला बोललो नाही, ते चुकलं."

हे त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं.

मौलानांनी एक मार्ग सांगितला, तो ऐक. आपल्या शाफई किताबांत भात कापणाऱ्यांबद्दल लिहिलंय. रात्री रोज्याची नियत करायची, पहाटे खाऊन सहरी करायची, आणि काम करताना सोसवेना झालं तर रोजा सोडायचा, नंतर कजा करायची, म्हणजे तो भरायचा. ते तर गावात राहणारे. तू मुसाफिर आहेस, तुला आधीच मोकळीक आहे. जिवाला धोका दिसत असेल तर रोजा सोडावाच लागतो, तिथे मर्जी चालत नाही. बंदरात असशील, वॉच नसेल, तेव्हा ठेव की. मी अडवत नाही. खाली उतरायचं असेल त्या दिवशी नको. राहिलेले वहीत लिहून ठेव. करार संपून येशील तेव्हा दिवस लहान असतील, माझेही बाकी असतील. दोघं मिळून भरू. सहरीला मी तुला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी करून घालीन, अगदी रोज.

आज दुपारी अब्बांच्या फिद्याचे, न झेपणाऱ्या रोज्यांबदली गरिबांना द्यायचे, तांदूळ मोजले. रमजानच्या आधी द्यायचे नसतात, नुसते मोजून डब्यात ठेवलेत, रोजच्या रोज वाटीन. एका रोज्याला एक मुद्द, म्हणजे बाप्या माणसाची भरलेली एक ओंजळ. माझी ओंजळ लहान, म्हणून दरवर्षी त्यांच्याच ओंजळीने मोजते. यंदा त्यांचे हात थरथरत होते. सुई टोचून टोचून डावा हात सुजलाय, बोटं नीट जुळत नाहीत, तांदूळ फटीतून सांडत होते. ते मोजत होते आणि मी प्रत्येक ओंजळीवर गुपचूप एक मूठ टाकत होते. तिसाव्या ओंजळीला त्यांनी बघितलं. बोलले काही नाहीत, हात तसेच धरून ठेवले.

बंदर लागलं की फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी उचलीन. शुक्रवारचं मनात ठेवू नकोस.

तुझी आई

ता. क. बाटलीत चिमूटभर मीठ टाकत जा. आणि लघवीचा रंग गडद दिसला तर त्याच दिवशी वरच्या साहेबाला सांग, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नको.