सूची दोनवर तुझं नाव आहे का?

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू हसत सांगितलंस की तुझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सिद्धेशचा या महिन्याचा भाड्याचा हिस्साही तूच भरलास, आणि वर मालकांचा 'आठ दिवसांत फ्लॅट खाली करा' असा मेसेज आलाय. मी विचारलं की तू 'हो गं, बघतो' म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले. बाबांना अजून बोलले नाही. त्यांची सोमवारची तपासणी होऊन जाऊ दे. रागवायचं नाही असं ठरवलंय.

आधी एवढंच सांग, नोंदवलेल्या करारात तुझं नाव आहे का? 'करार झालाय ना' हे उत्तर नको. तू ओंकारच्या जागी मधेच राहायला गेलास, करार त्याच्या आधीचा असणार. नोंदणीच्या वेळी तुझा फोटो काढून यंत्रावर अंगठा घेतला होता का, ते आठव. घेतलाच नसेल तर तू त्या दस्तात नाहीस. घेतला असला तरी साक्षीदार म्हणून घेतलेला असू शकतो, तेव्हा तेवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. पूर्ण दस्ताची पीडीएफ मालकांकडे आणि एजंटकडे असतेच, ती मागून घे. तिच्यासोबत सूची दोन, म्हणजे दस्ताचा सारांश देणारं पान, असतं. त्यात 'दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव' असा रकाना आहे. तिथे तुझं नाव हवं. ओंकारचं असेल तर तो पुण्यात नसूनही कागदावर तिथेच राहतोय आणि तू राहत असूनही नाहीस.

हे का विचारतेय ते नीट वाच, मधलं गाळू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), करार लेखी आणि नोंदवलेला लागतोच, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं तुमच्या ऑफिसात कुणी सांगत असेल तर ते महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणीच झाली नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण तुमच्याकडे करार नोंदवलेला असणार, फक्त तुझ्याशिवाय. तसं असेल तर हे कलम तुझ्या फारसं कामाचं नाही. कलम २४ मध्ये लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानलाय. त्यातून बहुतेक करारांत 'इतर कोणासही ठेवणार नाही' अशी अट असते. म्हणजे वेळेवर पैसे भरणारा तू, आणि अटीचा भंग म्हणून बोट दाखवायचं तेही तुझ्याचकडे.

यावर उपाय साधा आहे. जुना करार रद्द करून तिघांच्या, म्हणजे तू, सिद्धेश आणि कौस्तुभ यांच्या नावाने नवा करा. चोवीस हजार भाडं, पंच्याहत्तर हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर एकूण भाडं २,६४,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ७,०००. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे काय ते वेगळे. मालक खर्चाचं कारण सांगतील तर हा हिशेब पाठव आणि खर्च तिघं मिळून देतो म्हण. शिवाय पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्यायची असते, तीही त्यांची अडचण आहे. जुनी नावं राहणं त्यांनाही सोयीचं नाही. हे धमकी म्हणून नको, आठवण म्हणून सांग.

तोवर पैसे मालकांच्या खात्यात थेट टाक. काल तू सिद्धेशचा हिस्सा भरलास म्हणालास, तो कुणाच्या खात्यात भरलास? सिद्धेशच्याच ना? तो सगळ्यांचे गोळा करून पुढे पाठवतो ना? मग पुढे गेले का, हे तू मालकांना विचारलंस का? पुढच्या महिन्यापासून तुझे आठ हजार मालकांना, शेऱ्यात महिना आणि 'निनादचा हिस्सा' लिहून, आणि लगेच त्यांना मेसेज: 'मी अमुक महिन्यापासून आपल्या फ्लॅटमध्ये राहतो, माझा हिस्सा आज जमा केला आहे, कृपया पोच द्यावी.' त्यांनी नुसतं 'ओके' म्हटलं तरी ते जपून ठेव. नाव नसलेल्या माणसाकडे तेवढाच पुरावा असतो.

डिपॉझिटचंही तेच. तू पंचवीस हजार ओंकारला दिलेस. मालकांच्या हिशेबात ते अजून ओंकारचेच. घर सोडताना ते त्यालाच परत केले तर मालक चुकले असं म्हणता येणार नाही. ओंकारकडून एक ओळ लिहून घे की त्याचा डिपॉझिटचा हिस्सा त्याला तुझ्याकडून मिळाला असून आता तो निनादचा आहे. ते मालकांना पाठवून त्यांचा होकार घे. ओंकार चांगला मुलगा आहे, आज मागितलंस तर देईल. दोन वर्षांनी फोन उचलेलच असं नाही.

आता दुसरी बाजू, कारण तुझं नाव करारात असेल तर सगळं सुरळीत आहे असंही नाही. तिघांनी मिळून एकच करार केला की भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ४३ लागतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर मालक पूर्ण चोवीस हजार तिघांपैकी कुणा एकाकडेही मागू शकतो. 'माझा हिस्सा मी दिलाय' हे उत्तर मालकापुढे चालत नाही. ज्याने जास्त भरलं त्याने बाकीच्यांकडून वसूल करायचं, आणि एकाने हात वर केले तर त्याची तूट उरलेल्यांनी सारखी सोसायची. म्हणजे सिद्धेशचे आठ हजार बुडाले तर चार तुझे, चार कौस्तुभचे. तू एकट्याने आठ भरलेस. कौस्तुभला हे माहीत तरी आहे का?

तुला पहिलीपासून ही खोड आहे. कंपासपेटी रिकामी घेऊन यायचास आणि 'त्याच्याकडे नव्हता' एवढंच सांगायचास. ताई भांडून आपला खोडरबर परत आणायची आणि तू तिच्यावरच चिडायचास. बाई मला म्हणाल्या होत्या, याला नाही म्हणता येत नाही, पण वर्गात कुणी आजारी पडलं की वही पुरी करून देणारा हाच. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. आजीच्या डोळ्यांच्या वेळी तू न सांगता पैसे पाठवलेस तेव्हाही वाटला. हे सिद्धेशच्या बाबतीत मात्र वाटत नाहीये. जाऊ दे, भाषण झालं. माफ कर.

सिद्धेशशी बोल, पण रात्री दमून आल्यावर स्वयंपाकघरात नको आणि ग्रुपवर तर नकोच. एका वेळी एकच विषय, एक आकडा आणि एक तारीख: 'तुझे आठ हजार, दहा तारखेपर्यंत.' 'तू नेहमीच असं करतोस' म्हणालास की बोलणं त्याच्या स्वभावावर जातं आणि आकडा राहून जातो. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज टाक की असं ठरलं. त्याने 'हो' लिहिलं की पुढे वाद घालायला जागा उरत नाही. अशा पैशांची वसुली तीन वर्षांपर्यंत मागता येते, पण आठ हजारांसाठी कोर्टात जाणारा माणूस मी पाहिला नाही. म्हणून पुन्हा उसने भरायचे नाहीत.

लाइट बिलाचं वेगळं आहे. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. दीड टनाचा एसी रात्रभर आठ तास चालला तर साधारण आठ ते दहा युनिट घेतो, महिन्याला अडीचशे-तीनशे. तुम्ही तिघं एरवी शंभर-दीडशेत राहत असाल तर सिद्धेशच्या एसीमुळे बिल तिसऱ्या टप्प्यात जातं, वरचे युनिट महाग पडतात आणि तुम्ही तेही तिघांत वाटता. त्याच्या खोलीच्या एसीच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून सब-मीटर बसवून घ्या, मालकांना आधी विचारून. नियम असा ठेवा की वरच्या टप्प्यातले युनिट आधी एसीवाल्याचे, उरलेलं बिल समान. दर महिन्याच्या एका तारखेला दोन्ही मीटरचे फोटो ग्रुपवर. ग्रुपचा उपयोग एवढाच.

आणि सिद्धेशचा तो मावसभाऊ. तीन आठवडे राहणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत. दोन रात्री चालतील, त्यापुढे चौथं डोकं धरून लाइट, पाणी, मावशींचा पगार सगळ्याचे चार भाग, असं सांगून टाका. सोसायटीने मालकांकडे तक्रार केली असेल तर आठ दिवसांचा मेसेज त्यातूनच आला असेल, भाड्यातून नव्हे. मालकांना फोन करून नक्की कारण विचार. कारण कळल्याशिवाय उत्तर देऊ नकोस.

आठ दिवसांचं म्हणशील तर मेसेज आला म्हणून बॅग भरायची नाही. करारात नोटिशीची मुदत लिहिलेली असते, बहुधा एक महिना. करार संपल्यावर घर परत घ्यायलाही मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कुलूप बदलून सामान बाहेर ठेवणं हा मार्ग नाही. तसं कुणी केलं तर आधी फोटो काढ, मग ११२ ला फोन कर. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये लायसन्स रद्द झालं तरी निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो (कलम ६३), आणि पैसे भरून राहणाऱ्याला त्याचा दोष नसताना मुदतीआधी काढलं तर भरपाई मागता येते (कलम ६४). पण हे सगळं करारातल्या माणसाला. बघ, फिरून तिथेच आले.

फॉरवर्डवर विसंबू नकोस. 'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' असं फिरतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागत नाही. आणि 'कोर्टाशिवाय काढता येत नाही' म्हणून मुदत संपल्यावर चिकटून बसायचं डोक्यात आणू नका. त्याच कलम २४ खाली मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, तुमच्या बाबतीत अठ्ठेचाळीस हजार. सिद्धेश असल्या कल्पना काढेल, तू हो म्हणशील.

त्याच्या खोलीला कुलूप लावायचं, त्याचं सामान जिन्यात ठेवायचं, असलं कौस्तुभ सुचवत असेल तर त्यात पडू नकोस. सिद्धेशचं नाव करारात असेल तर त्या घरात त्याचा तुझ्याइतकाच हक्क आहे, पैसे थकले तरी. त्याला अडवणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि तक्रार त्याची, आरोपी तुम्ही. त्याने धमकी दिली किंवा अंगावर आला तर मात्र एकट्याने मिटवायला जाऊ नकोस, चौकीत जाऊन निदान अदखलपात्र नोंद कर आणि प्रत घे. आत्याकडे त्या वेळी कुणी प्रत घेतली नव्हती.

घर सोडायचंच ठरलं तर लेखी नोटीस तारखेसह दे, लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत, संपलंय का ते आधी बघ. निघायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, गीझर, पंखे, नळ, भिंती यांचा व्हिडिओ कर, मीटरचा आकडा त्यातच येऊ दे, आणि किल्ल्या हातात देताना पोच लिहून घे. रंगाचे पैसे कापायचे असतील तर करारातली अट दाखवायला सांग. यादीत नसलेली वस्तू तुटली म्हणून कापू देऊ नकोस.

दस्त रात्रीपर्यंत मिळाला नाही तरी फोन कर. मिळाला की सगळी पानं पाठव, नुसतं पहिलं नको. अटी मागच्या पानांवर असतात. मालकांना काय लिहायचं ते मी तयार करून देते, तू तुझ्या शब्दांत बदल. ताई म्हणतेय ती शनिवारी तिकडे येऊ शकते. नको म्हणू नकोस, तिला नाही म्हणता येतं.

तुझी,
आई

ता.क. वर रागावून काही लिहिलं असेल तर ते बाबांच्या तपासणीच्या काळजीतलं समज. सिद्धेशला घरून काही अडचण आहे का, तेही विचार. असेल तर हप्ते ठरवा, पण तेही लिहून.