पांढरी उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी संग्रामपूर तालुक्यातला, पूर्णाकाठच्या एका गावचा निवृत्त कोतवाल. शिवेचा दगड कुठे आहे आणि कोणाचा बांध कधी सरकला, हे अजूनही मला विचारायला लोक येतात. गावाच्या नदीकडच्या अंगाला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या साचलेल्या मातीचं, टेकाड आहे. गेल्या उन्हाळ्यात पांदण रस्त्याच्या भरावासाठी एका ठेकेदाराने त्याला जेसीबी लावला. मी पोचलो तेव्हा आठ-दहा ट्रॉल्या गेल्या होत्या. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "बावाजी, माती तं हाय."

माती खरीच. पण कापलेल्या उभ्या कडेत भाजक्या मातीच्या गोल कड्या एकावर एक बसवलेल्या दिसत होत्या, दीड-दोन हात रुंद. मी पाच मोजल्या. सहावीचा बकेटने चुरा केला होता. जमलेली पोरं म्हणाली, रांजण फुटला. रांजणाला बूड असतं, याला नव्हतं. आत राखट, भुसभुशीत माती आणि खापराचे तुकडे.

मला ते ओळखू आलं ते भोनमुळे. आमच्याच तालुक्यातल्या भोनला वीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उत्खनन चालू होतं, तेव्हा मी सायकलने दोनदा जाऊन आलो. तिथे भाजक्या विटांचा स्तूप निघाला, मौर्य-सातवाहन काळातली वस्ती निघाली, आणि अशाच कड्यांच्या विहिरीही. स्तूपाबद्दल छापून येतं. मला मात्र त्या विहिरींनी जास्त धरून ठेवलं, कारण आम्ही खारपाणपट्ट्यातले.

इथे जमिनीखाली पाणी नाही असं नाही, ते तोंडात धरवत नाही. माझ्या वडिलांनी विहीर दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढी, आणखी खोल नेली. पाणी वाढलं, खारही वाढला, आणि त्या पाण्यावर लावलेली संत्र्याची रोपं दुसऱ्या वर्षी पिवळी पडून गेली. ते वावर पुढे चोपण, म्हणजे खारट आणि घट्ट, झालं ते झालंच. आई मात्र नदीच्या रेतीत हातभर झिरा उकरायची आणि वाटीवाटीने गुंडी भरायची. ते पाणी गोडं. पावसाचं मुरलेलं पाणी वरच्या थरात राहतं, खाली गेलं की खार लागतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कड्यांची विहीरही उथळच. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, विहिरीची कड धरत नाही. म्हणून भाजक्या कड्या. जुन्या गावांत अशा कड्या सांडपाणी मुरवायलाही घालत, म्हणजे आज ज्याला आपण शोषखड्डा म्हणतो तोच प्रकार. आमच्या पाच कड्या पाण्याच्या की सांडपाण्याच्या, ते आतली माती तपासणाराच सांगेल. ट्रॉलीत गेल्यावर कोणीच नाही.

पांढरी ही अशीच साचलेली असते: चुलीची राख, गोठ्याचं शेण, पडलेल्या भिंती, थरावर थर. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला अशाच जागी लोखंड गाळायची भट्टी निघाली, आणि जळून कोळसा झालेले दाणे. त्यात तांदूळ होता, गहू होता, मसूरही होती. लोहयुगातले शेतकरी खरीप आणि रब्बी दोन्ही साधत होते, हे त्या दाण्यांवरून कळलं. पेरणी हुकली की पुढचं काय करायचं, हा विचार त्यांनाही पडत असेलच.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. दर वैशाखात आई याच टेकाडाची माती टोपल्याने आणून घराच्या धाब्यावर घालायची. वावरातही खत म्हणून लोकांनी नेली. त्या मातीत आम्हाला लाल दगडाचे मणी सापडत, ते आम्ही गोट्यांत हरलो. पण टोपलं आणि जेसीबी यांत फरक आहे. टोपल्याने दोन पिढ्यांत गेली नसेल तेवढी माती एका दुपारी गेली.

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं. मातीच्या कडीची किंमत दहा रुपये कोण धरणार?

भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात आहे. धरणाला माझा विरोध नाही. खारपाणपट्ट्याने गोडं पाणी मागायचं नाही तर कोणी मागायचं? पण बुडिताबाहेर गावोगावी जी पांढरी आहे, तिचं तरी काही करता येईल. माती-मुरमाचा परवाना देण्याआधी स्थळपाहणी होतेच. त्या कागदावर एक रकाना वाढवा: जागा पांढरीची आहे काय? असेल तर परवाना नाही, दुसरीकडून मुरूम आणा. याला नवा कायदा लागत नाही की निधी लागत नाही. पांढरी कुठे आहे ते गावातलं कोणतंही म्हातारं माणूस बोट दाखवून सांगेल.

मी त्या कड्यांवर तुराट्या आणि फाटकी ताडपत्री टाकून ठेवली होती. मृगाच्या दुसऱ्या पावसात कड ढासळली, दोन गेल्या. तीन उरल्या आहेत. कोणी जाणकार बघायला येणार असतील तर दिवाळीनंतर यावं, तोवर वाटेला गुडघाभर चिखल असतो.

आपला,
एक निवृत्त कोतवाल,
ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा