गंजलेली दुनळी आणि निकालानंतरचा तो आठवडा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: निवडणुकीत जमा करून घेतलेल्या परवान्याच्या शस्त्रांची ठाण्यात होणारी नासाडी

महोदय, सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना टेबलावर एक बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) उघडून ठेवली आहे. २०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत ती ठाण्यात जमा झाली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परत मिळाली. डाव्या नळीत तोंडापासून वीतभर आत गंजाचे खड्डे पडले आहेत. चिंधी फिरवली की तिथे अडकते आणि तांबडी होऊन बाहेर येते. दस्त्याच्या मनगटावर सुतळीचा काच उमटला आहे. चापाच्या कडीला चिठ्ठी बांधायला वापरलेल्या तारेने निळा रंग खरवडून खालचे पांढरे लोखंड उघडे पडले आहे. घराचे आणि ठाण्याचे नाव मुद्दाम देत नाही. ग्वाल्हेरच्या कुठल्याही पेठेत विचारा, अशी दुनळी दाखवणारे घर सापडेल.

निवडणुकीत शस्त्रे जमा करून घ्यायला आमचा विरोध नाही. विरोध सरसकटपणाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा प्रश्न तपासला आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने १ सप्टेंबर २००९ रोजी स्पष्ट सूचना दिल्या. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचे प्रकरण पाहायचे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंग्यात आणि विशेषतः निवडणुकीच्या दंग्यात सापडलेले अशांची शस्त्रे घ्यायची, बाकीच्यांना त्रास द्यायचा नाही. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठानेही हेच सांगितले: लेखी कारणाशिवाय सर्वांना जमा करायला लावता येत नाही. शस्त्र अधिनियमाचे कलम १७ तेच म्हणते. परवाना निलंबित करायचा तर कारण लिहून ठेवावे लागते आणि मागितल्यावर त्याचा सारांश द्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यांत मात्र एका ओळीचा आदेश निघतो आणि सत्तरीचे निवृत्त मास्तर आणि चार गुन्हे अंगावर असलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात.

दिवस मोजा. ९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, निकाल ३ डिसेंबरला: ५५ दिवस. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची लागली, निकाल ४ जूनला: ८० दिवस. आठ महिन्यांत १३५ दिवस झाले. ग्वाल्हेरचे मतदान ७ मेला आटोपले होते, त्यानंतरचे २८ दिवस शस्त्रे नुसती पडून होती. निकाल लागून आठवडा झाला की शस्त्रे ताबडतोब परत द्यावीत, असे आयोगाचेच सांगणे आहे. म्हणजे ११ जून. टेबलावरच्या या दुनळीला जुलै उजाडला आणि मधल्या काळात पाऊस सुरू झाला.

पावसाने काय होते ते सांगतो, कारण मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या कोठारात, ते कोणाला माहीत नसावे. बंदुकीचा निळा रंग हा स्वतःच एक ताबा ठेवलेला गंज आहे. वर तेलाचा हात नसेल तर तो लोखंडाला वाचवत नाही. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या वर गेला की बोटांच्या घामाचे ठसे पहिल्यांदा तांबडे होतात. चामड्याच्या पेटीत ठेवणे सर्वांत वाईट, कारण कमावलेले चामडे ओल धरून ठेवते आणि त्यातले रसायन नळीला लागते. लोक आपली बंदूक जपायची म्हणून पेटीसकट जमा करतात आणि तीच पेटी तिला खाते. त्यातून दहा-दहा बंदुकांची मोळी सुतळीने आवळून कोपऱ्यात उभी केली की नळ्या एकमेकींवर आपटतात. बारा बोअरच्या नळीचा पत्रा मधल्या भागात जेमतेम मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरून मुगाएवढा पोचा दिसला तर आत तेवढाच उंचवटा झालेला असतो. छर्रा तिथे धडकतो, नळी फुगते, कधी फाटते. पुढच्या लाकडी भागाला धरलेला डावा हात तिथून जवळच असतो. ही नासाडी नुसती सौंदर्याची नाही, माणसाच्या हाताची आहे.

हे टाळायला एका बंदुकीमागे पंधरा मिनिटे लागतात. बंदूक बिजागरीवर उघडून काडतुसाच्या दोन्ही कोठ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहावे. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या कराव्यात. आधी कोरडी फ्लॅनेलची चिंधी, मग पितळी ब्रश, मग तेलाची चिंधी, शेवटी बाहेरून तेलाचा हलका हात. जास्त तेल नको, ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड भुसभुशीत करते. म्हणूनच जाणते लोक बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवतात. घोडे चढवून ठेवू नयेत, स्प्रिंग मरते. खोटे काडतूस घालून उतरवावेत. काडतुसे वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवावीत. बांधायला तार नको, सुती नाडी हवी. एक लाकडी घडवंची, खाचांना नमदा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. एका ठाण्याला याचा खर्च किती येईल, हे आपण कोणत्याही सुताराला विचारावे.

आणि पावती! पावतीवर क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या असते. अवस्थेचा रकाना नसतो. देताना नळी आरशासारखी होती हे नंतर कसे सिद्ध करायचे? आमच्याकडे एक काडतूस कमी भरले तर खुलासा द्यावा लागतो, परवान्यावर किती घ्यायची त्याची मर्यादा लिहिलेली असते, नूतनीकरणाला शस्त्र समोर ठेवून दाखवावे लागते. शासनाच्या ताब्यात असताना तेच शस्त्र निकामी झाले तर जबाबदार कोणीच नाही. माझा खरा राग यावर आहे.

यात पोटावर पाय येतो तो गनमॅनच्या. भिंड, मुरैना, ग्वाल्हेरची कितीतरी मुले स्वतःची परवान्याची बारा बोअर घेऊन शहरांत पहाऱ्याची नोकरी करतात. पगार बंदुकीमुळे जास्त मिळतो, बंदूक गेली की नोकरी साध्या चौकीदाराची होते किंवा जातेच. बँकेच्या पहारेकऱ्यांना सूट आहे, ती योग्यच आहे. गोदामावर, पेट्रोल पंपावर उभा असलेल्याला मात्र १३५ दिवसांचा हिशोब घरी द्यावा लागतो. त्याच रस्त्यावर देशी कट्टा खिशात घालून फिरणाऱ्याला कोणताही आदेश लागू होत नाही, कारण कट्ट्याला परवानाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना अजून एक गोष्ट लागते, ती भोपाळला कधी दिसली नसेल. विधानसभेची निवडणूक अलीकडे नोव्हेंबरात येते, म्हणून दसरा आचारसंहितेत सापडतो. २०१८ चा सापडला, २०२३ चा सापडला. ज्या घरांत शिंद्यांच्या चाकरीपासूनची तलवार आणि बंदूक पाटावर मांडून झेंडूची माळ वाहतात, तिथे त्या दिवशी पाट मांडला जातो आणि त्यावर ठाण्याची पावती ठेवली जाते. हे खरे आहे आणि हे अपमानास्पद आहे.

वारसाचेही तेच. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ प्रमाणे धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले तर हयातीतच वारसाला देता येते. पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत, त्यानंतर निर्णय ६० दिवसांत यायला हवा. फाईल मात्र वर्षे घेते आणि तोवर आजोबांची जुनी विलायती बंदूक जमा राहते. २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले, तिसरे वर्षभरात जमा करायचे होते, आणि ते वर्ष करोनाचे निघाले. तरी लोकांनी रांगा लावल्या. कायदा पाळणाऱ्यालाच दर वेळी नवा कायदा मिळतो.

आणि कायद्यात नसलेल्या अटीही मिळतात. शिवपुरीत २००८ साली नसबंदीच्या बदल्यात बंदुकीच्या परवान्याची योजना आली. ग्वाल्हेरात २०१९ साली परवान्यासाठी आधी दहा झाडे लावायला सांगितली, मग गोशाळेला दहा कांबळी द्यायला. झाड लावणे आणि गाय जपणे ही पुण्याची कामे आहेत. पण माणूस शस्त्र नीट सांभाळू शकतो का, त्याला सुरक्षेचे प्रशिक्षण आहे का, हे विचारायचे सोडून कांबळी मोजणारी व्यवस्था कोणाच्या सुरक्षेचा विचार करते?

लग्नात हवेत गोळी झाडणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. ती त्या माणसाला द्या, त्याचा परवाना रद्द करा. गावातल्या सगळ्यांचा नको.

२०२७ मध्ये नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुका येतील. त्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात: छाननी समितीने ज्यांची नावे काढली त्यांनाच नोटीस, आणि पावतीवर अवस्थेचा रकाना, त्यात नळीची आतली स्थिती, दस्ता, कळ, दोन्ही बाजूंच्या सह्या. आणि या टेबलावरच्या दुनळीच्या डाव्या नळीतले खड्डे कोणाच्या ताब्यात पडले, तिची दुरुस्ती कोण करून देणार, याचे उत्तर तेवढे आताच द्यावे. क्रमांक आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
ग्वाल्हेरचा एक परवानाधारक